गारठ्याचं निमित्त

यासेनोव्होत कुठल्याही मुलीला उघड्या दगडावर बसू देत नाहीत. चर्चच्या आवाराची भिंत असो, शाळेच्या पायऱ्या असोत की पुलाचा कठडा, मुलगी टेकली रे टेकली की कुठून तरी आवाज येतोच, "ऊठ गं! ओटीपोटात गारठा शिरेल!" मुलगे त्याच भिंतीवर ऐन जानेवारीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतात, त्यांना कोणी हटकत नाही. त्यांच्या पोटात बिघडण्यासारखं काही नसतं, अशी गावाची ठाम समजूत आहे.

हा आवाज दहातून आठ वेळा स्तामेंकाचा असायचा. स्तामेंका ही गावची फिरती नर्स. बाळंतिणी, तान्ही बाळं, रक्तदाबाचे म्हातारे असं सगळं तिच्याकडे. तेही एका गावाचं नाही, तिमोक नदीकाठच्या चार गावांचं. तिच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, बाळ तोलायचा काटा आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत असायची. मुलगी दगडावर दिसली की आधी ओरडा, मग बुडाखाली वर्तमानपत्र. चाळीस वर्षांत देशात जेवढं राजकारण झालं, ते सगळं यासेनोव्होच्या पोरींनी असं बसून काढलं. "मावशी, आज पंतप्रधानांवर बसू की फुटबॉलवर?" असं त्या विचारायच्या. स्तामेंका हसायची नाही. या एका बाबतीत तिची थट्टा चालत नसे.

कारण तिचं स्वतःचं पोट गारठ्यानं गेलं होतं. गावाला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. नवरा मिलोये व्हिएन्नात गवंडीकामाला. लग्नानंतर पंधरा दिवसांत परत गेला, नाताळाला आला, जानेवारीच्या शेवटी पुन्हा गेला. मार्चमध्ये सासूनं, विदोसावानं, घरातल्या लोकरी सतरंज्या काढल्या आणि नव्या सुनेला नदीवर धाडलं. पाण्यात अजून बर्फाचे पापुद्रे तरंगत होते. स्तामेंका गुडघाभर पाण्यात उभी राहून दिवसभर सतरंज्या चोळत होती. दहा दिवसांनी ताप चढला, ओटीपोटात सुरी फिरवल्यासारखं दुखायला लागलं, आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. ती महिनाभरानं घरी आली, पण मूल कधीच राहिलं नाही.

खरं तर ती नर्सिंग शिकलेली. जंतू म्हणजे काय, ते कुठून कुठं जातात, हे तिनं वहीत सुबक अक्षरात लिहून घेतलं होतं. पण वहीतलं वहीत राहतं. आई, आजी, मावश्या यांनी लहानपणापासून जे सांगितलेलं असतं ते हाडात मुरतं. शिवाय काही गोष्टी माणसाला कळत नाहीत असं नसतं, कळून घ्यायच्या नसतात. मी काही स्तामेंकाला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही नदीलाच शिव्या दिल्या असत्या; नदी उलट बोलत नाही.

त्या वर्षापासून विदोसावानं सुनेला थंड पाण्याला हात लावू दिला नाही. भांडी घासायला पाणी तापवून, अंगण धुवायला पाणी तापवून. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सतरंज्या खांद्यावर टाकून म्हातारी स्वतः नदीवर जायची, आणि स्तामेंका मागं निघाली तर वळून दरडावायची, "घरात हो!" आता तिला चौऱ्याऐंशी वर्षं झालेली. बोटं वाकडी झाली, सतरंज्या मोठ्याच्या लहान झाल्या. गावातले लोक हल्ली गाड्या धुवायच्या केंद्रावर सतरंज्या नेतात, पाण्याच्या फवाऱ्यानं दोन मिनिटांत काम होतं. विदोसावा त्यांना आळशी म्हणायची आणि नदीवर जायची. ही कसली फेड आहे हे सगळ्या गावाला कळत होतं. घरात त्याबद्दल कधी कोणी बोललं नाही. मिलोयेही नाही, आणि तो वारून आता अकरा वर्षं झाली होती.

तर हे असं होतं. त्यात यास्नाचं प्रकरण आलं.

यास्ना सव्वीस वर्षांची, डोंगरापलीकडच्या गावातून सून होऊन आलेली, बेकरीत काम करणारी. नवरा ग्वोझ्देन ऑस्ट्रियात, लिंझला, फरशा बसवायचा. त्याचे आईबापही तिकडंच. यास्नाची तिकडची कागदपत्रं होईपर्यंत ती टेकाडावरच्या दुमजली घरात एकटी राहायची. फाटकावर दोन सिमेंटचे सिंह होते, आत आठ खोल्या, त्यातल्या सहांना अजून गिलावा नव्हता. त्या घरात फोनला रेंज येत नसे. रेंज यायची ती सांस्कृतिक भवनाच्या तिसऱ्या पायरीवर. त्यामुळं रोज संध्याकाळी यास्ना तिथं बसून नवऱ्याशी बोलायची, आणि फेब्रुवारीत तिचं ओटीपोट दुखायला लागलं तेव्हा निदान करायला गावाला डॉक्टर लागला नाही.

"किती वेळा सांगितलं तुला!" स्तामेंका म्हणाली. "मी दिलेला पेपर कुठं टाकलास?"

"त्यावरच बसत होते, मावशी. देवाशपथ."

"मग दोन पेपर घ्यायचे!"

तिनं यास्नाच्या पोटावर गरम मिठाची पुरचुंडी ठेवली, कमरेला लोकरी पट्टा बांधला, रानातल्या पांढऱ्या फुलांचा कडू काढा दिवसातून तीनदा पाजला. यास्नाला अंगावरून पिवळट जात होतं, पाळी नसताना रक्त दिसत होतं. तेही गारठ्यात धरलं. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात बेकरीत पाव मोजता मोजता यास्ना खाली बसली ती उठेचना. अंग तापलं होतं. स्तामेंकानं तिला बसमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथं नवी डॉक्टरीण आली होती, तियाना नावाची, स्तामेंकाच्या भाचीच्या वयाची. तिनं तपासलं, नमुना घेतला, इंजेक्शन दिलं, चौदा दिवसांच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. मग विचारलं, "तीन आठवडे काय केलंत?"

"गरम मिठानं शेक दिला," स्तामेंका म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला ते वाक्य स्वतःच्या तोंडून विचित्र वाटलं.

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यानं अहवाल आला. क्लॅमिडिया. शरीरसंबंधातून येणारा जंतू. गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत गेला होता, म्हणून ताप आणि दुखणं. यास्ना ओठ घट्ट मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "पण मी तर कोणाशी..."

"तुम्ही काही केलंत असं मी म्हणत नाहीये," डॉक्टरीण म्हणाली. "या कागदावर कोणाचं नाव नसतं आणि तारीख नसते. कित्येकांच्या अंगात तो महिनोन्‌महिने नुसता बसून असतो, काही जाणवत नाही. पुरुषांना तर बहुधा नाहीच. पण नवऱ्यानंही गोळ्या घ्यायला हव्यात, सात दिवस. दोघांचं औषध पुरं होऊन आठवडा जाईपर्यंत जवळ यायचं नाही. तो तसाच राहिला तर तुम्हाला हे पुन्हा होईल."

"आणि मूल?" यास्नानं विचारलं.

"एकदा झालं, वेळेवर औषध मिळालं, की बहुतेक वेळा निभावतं. पुन्हा पुन्हा झालं की नळ्या चिकटतात. मग कठीण." तिनं नवऱ्यासाठी गोळ्यांचं पाकीट दिलं. "सुट्टीला आला की सुरू करू दे, आणि तिकडं जाऊन तपासून घेऊ दे."

निघताना स्तामेंका दारात थांबली. "डॉक्टर, समजा, पूर्वी. चाळीस वर्षांपूर्वी. मार्चच्या नदीत दिवसभर उभी राहिली कोणी, आणि मग असाच ताप आला, तर?"

"नदीत पाय गारठतात, मावशी," डॉक्टरीण कागद लावता लावता म्हणाली. "फार तर लघवीला जळजळ होईल. नळ्या नदीनं चिकटत नाहीत. तेव्हा या तपासण्या नव्हत्या, म्हणून सगळं थंडीच्या नावावर खपायचं."

परतीच्या बसमध्ये यास्ना खिडकीला डोकं टेकून रडत होती, आणि स्तामेंका तिचा हात धरून बसली होती. ती मनात महिने मोजत होती. मिलोये नाताळाला आला, जानेवारीच्या शेवटी गेला, मार्चअखेर ताप. तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष नव्हताच. म्हणजे हिशेब करायला काही उरलंच नव्हतं. मिलोयेनं तिला मूल नाही म्हणून कधी एका शब्दानं दुखवलं नव्हतं. गावानं त्याला दुसरी बायको कर म्हणून सुचवलं तेव्हा त्यानं खानावळीत टेबल उलटवलं होतं. तिला त्याचा किती अभिमान वाटायचा! आणि आता तो असता तर तिनं त्याला एकच विचारलं असतं, तुला ठाऊक होतं का रे? पण मेलेल्या माणसाला धरून हलवता येत नाही. ती नुसतीच चिडून बसली. घरी गेल्यावर विदोसावानं चटकन पाणी तापवून दिलं, तेव्हा तिला भडभडून आलं, आणि डोळ्यांत धूर गेला असं तिनं सांगितलं.

ग्वोझ्देन ईस्टरच्या आदल्या बुधवारी आला. मंगळवारी परत जायचा होता. त्याला सांगायचा धीर यास्नाला झाला नाही, म्हणून गुरुवारी सकाळी स्तामेंका टेकाडावर गेली. ग्वोझ्देन अंगणात कोकरू भाजायची सळई घासत होता. उमदा पोरगा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. स्तामेंकानंच त्याला लहानपणी काट्यावर तोललं होतं. तिनं सरळ सांगितलं आणि पाकीट पुढं केलं.

तो लाल झाला, मग पांढरा. "मला काही झालेलं नाही, मावशी. ना दुखत, ना खुपत."

"पुरुषांना कळत नाही."

"अहो, कोणत्या तोंडानं सांगताय? माझ्या बहिणीला भिंतीवरून दंडाला धरून उठवलंत तुम्ही! अख्ख्या गावाला शिकवलंत, गारठा, गारठा. आता ती डॉक्टरीण आली तर गारठा गेला आणि मी आलो?"

"चुकलं माझं. मी खोटं शिकवत होते, मला माहीत नव्हतं."

"मग आताचं खरं कशावरून?" त्यानं सळई खाली ठेवली. "मी या गोळ्या गिळल्या म्हणजे कबूल केलं ना की मी तिकडं काहीतरी करून आलो? आणि मी काही केलं नसेल तर? मग हिनं कुठून आणलं, ते विचारू मी?"

यास्ना दारात उभी होती. ती आत निघून गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

"कागदावर तारीख नसते रे," स्तामेंका म्हणाली. "लग्नाआधीचंही असू शकतं. तुझं, तिचं, कोणाचंही."

"तर मग न्या तुमचं पाकीट. मंगळवारी मी जाणार. ती दोन पेपर घेऊन बसेल पायरीवर."

हे शेवटचं स्तामेंकाला फार लागलं, कारण ते तिचंच वाक्य होतं. ती पाकीट पिशवीत टाकून निघाली. स्वतःचं उदाहरण सांगावं असं क्षणभर तिच्या जिभेवर आलं होतं. पण मिलोयेचं नाव असं दुसऱ्याच्या अंगणात काढणं तिला जमलं नाही. टेकाड उतरताना तिला यास्नाचं पुढलं सगळं आयुष्य दिसत होतं. ते तिनं स्वतः जगून पाहिलेलं होतं.

वाटेत नदी लागते. विदोसावा धुण्याच्या दगडाशी गुडघ्यांवर बसून छोटी सतरंजी ब्रशनं घासत होती. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ते बघून स्तामेंकाच्या मनात आलं, निदान हे तरी थांबवता येईल. एवढं एक ओझं तरी उतरवू. ती काठावर जाऊन उभी राहिली.

"सासूबाई, ठेवा तो ब्रश. मला काही सांगायचंय."

"पाण्यापासून लांब हो आधी."

"पाण्याचं काही नव्हतं, सासूबाई. मला जे झालं ते नदीनं नाही झालं. जंतूंनी झालं. डॉक्टरीण म्हणाली. तुम्ही चाळीस वर्षं उगाच..." जंतू कुठून आले हे मिलोयेच्या आईला कसं सांगायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं.

विदोसावाचा हात थांबला नाही. ब्रश तसाच पुढं मागं होत राहिला. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तू इस्पितळात होतीस तेव्हा मिलोये आला होता ना, आठवतं? तो आधी गोठ्यात आला, मला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. नाताळाआधी तिकडं कुठल्या तरी बाईकडं गेला होता. फेब्रुवारीत त्याला स्वतःला त्रास झाला, त्यानं इंजेक्शनं घेतली, बरा झाला. तुला कळवायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं. मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन डॉक्टरला सांग, नाहीतर पोरगी मरेल. त्यानं सांगितलं. म्हणून तर तुला नेमकं औषध मिळालं."

म्हणजे डॉक्टरला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, सासूला ठाऊक. फक्त जिच्या पोटाचं होतं तिला नाही. स्तामेंका काठावरच्या दगडावर मटकन बसली, बुडाखाली काहीही न घेता.

"आणि नदी?"

"शेजारणी म्हणाल्या, नदीनं झालं असेल. मी म्हटलं, हो, माझंच चुकलं, मी धाडलं. निमित्त आयतंच मिळालं."

"सासूबाई, मी चाळीस वर्षं गावभर पोरींना दगडांवरून उठवत हिंडले! त्या मनातून हसत असतील का, याचासुद्धा विचार केला नाही मी. ती यास्ना तीन आठवडे कळवळत होती आणि मी मीठ गरम करत होते! तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

"बघायचे ना मी खिडकीतून. पिशवीतून पेपर काढताना दिसायचीस. दर वेळी वाटायचं, आज सांगायचं."

"मग?"

"मग संध्याकाळी तू घरी यायचीस." म्हातारीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्यावर रागावलीस तरी तू घरात राहणार होतीस. त्याच्यावर रागावली असतीस तर बापाकडं निघून गेली असतीस. जायलाच हवं होतंस तू. बावीस वर्षांची होतीस. मला तेच नको होतं."

स्तामेंका उठली आणि घरी गेली. तो दिवस, शुक्रवार, शनिवारची सकाळ, ती म्हातारीशी बोलली नाही. शुक्रवारी दोघींनी एकाच पातेल्यात अंडी लाल रंगवली, एकाच फडक्यानं तेल लावून चमकवली, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. स्तामेंकाला इतका राग आला होता की हातातल्या दोन अंड्यांना तडा गेला. कोणावर किती रागवायचं हेच तिला ठरवता येत नव्हतं. नवऱ्याचा राग यायचा आणि त्याच्यामागून टेबल उलटवणारा मिलोये आठवायचा. म्हाताऱ्या सासूचा राग यायचा आणि तिचे लाल झालेले हात दिसायचे. शनिवारी दुपारी ती एवढंच म्हणाली, तेही भिंतीकडं बघून, "ग्वोझ्देन गोळ्या घेत नाहीये. मंगळवारी चाललाय. घेतल्या म्हणजे कबूल केल्यासारखं होतं, म्हणे."

विदोसावानं हातातलं फडकं खाली ठेवलं. आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती सणाचा काळा रुमाल डोक्याला बांधून आणि अंत्यविधीला घालायचे बूट घालून.

"ते पाकीट घे," ती म्हणाली. "चल."

टेकाड चढायला त्यांना पाऊण तास लागला. सिंहांच्या फाटकाशी विदोसावा दम खायला थांबली. ग्वोझ्देन धावत आला, "आजी, तुम्ही कशाला आलात? मीच आलो असतो!" त्यानं तिला बसायला लाकडी बाक आणला. यास्ना दारात आली, डोळे सुजलेले.

"तूही ये," विदोसावा तिला म्हणाली. "दाराआडून ऐकण्यासारखं नाही हे." मग ती ग्वोझ्देनकडं वळली. "माझ्या मिलोयेला ओळखायचास ना?"

"ओळखायचो म्हणजे? सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं मला."

"चांगला होता?"

"सोन्यासारखा माणूस, आजी."

"त्या सोन्यानं हिला आजार दिला," विदोसावानं स्तामेंकाकडं बोट केलं. "तिकडं एका बाईकडं जाऊन आला आणि हिला दिला. कळलं तेव्हा कबूल केलं, पण मला केलं, हिला नाही. आणि मी ते दाबून टाकलं, नदीवर ढकललं. म्हणून आज माझ्या घरात नातू नाही. हिला मूल नाही. कोणाला नाही."

ग्वोझ्देन स्तामेंकाकडं बघत होता, आणि स्तामेंका जमिनीकडं. मिलोयेचं नाव असं उघड्यावर ऐकताना तिला वाटलं होतं आपण मरून जाऊ. पण तसं झालं नाही. उलट कोणीतरी तिच्या पाठीवरची गोणी उतरवून खाली ठेवल्यासारखं वाटलं.

"मी तुझी कबुली घ्यायला आलेली नाही," म्हातारी म्हणाली. "मला नको, यास्नालाही नको. यास्ना, हवीय का गं तुला?"

यास्ना दारातून अंगणात उतरली. मग म्हणाली, "मला मूल हवंय, आजी. बाकीचं मी नंतर बघेन."

"ऐकलंस? बाकीचं ती नंतर बघेल, आणि तेव्हा तुझी धडगत नाही, ते वेगळं." म्हातारीनं पाकीट त्याच्या हातात दिलं. "माझा मुलगा भित्रा होता. मीही भित्री होते. तू आमच्यासारखा होऊ नकोस, एवढं सांगायला मी हे टेकाड चढले. पुन्हा मला चढता येणार नाही."

ग्वोझ्देन पाकिटाकडं बघत उभा राहिला. मग नळाकडं गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि पहिली गोळी गिळली. ओला हात त्यानं विजारीला पुसला. बायकोकडं बघायचं धैर्य त्याला लगेच झालं नाही. पण काही वेळानं तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. यास्ना बाजूला सरकली नाही.

"सात दिवस," स्तामेंका म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा नर्सचा झाला. "एकही चुकवायची नाही. आणि लिंझला जाऊन तपासून घ्यायचं. मी फोन करून विचारणार आहे."

उतरताना विदोसावाचे पाय लटपटत होते. स्तामेंकानं तिचा दंड धरला. खाली गावात कुणाकुणाच्या चुली पेटल्या होत्या, चर्चमध्ये झाडलोट चालली होती. सोमवारपर्यंत मिलोयेची गोष्ट घराघरात पोचणार हे दोघींना ठाऊक होतं. ग्वोझ्देन बोलला नसता, पण शेजारची कुंपणाशी केव्हाची उभी होती.

वळणावर म्हातारी थांबली.

"सूनबाई," तिनं विचारलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचा आवाज लहान मुलीसारखा बारीक झाला. "आता सगळं कळलंय तुला. जाशील का आता?"

स्तामेंका तिच्याकडं बघत राहिली. या बाईला चाळीस वर्षं एवढीच एक भीती होती. त्या भीतीपायी तिनं मुलाचं पाप स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि स्तामेंकाचं अख्खं आयुष्यही. त्रेसष्टाव्या वर्षी कुठं जाणार होती स्तामेंका? पण म्हातारी थट्टा करत नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि उत्तर काहीही आलं तरी ते सोसायची तयारी करून उभी होती.

"माझा राग गेलेला नाही," स्तामेंका म्हणाली.

"नको जाऊ दे."

"बरेच दिवस राहील."

"राहू दे."

"घरात राहूनच रागावणार आहे मी," स्तामेंका म्हणाली. मग तिनं म्हातारीचा दंड आणखी घट्ट धरला आणि तिला उतारावरून सावकाश खाली न्यायला लागली.